पाहण्याआधी वाचणे : ‘व्हर्टिगो’चे भित्तिपत्रक आणि आपली चिन्हमीमांसा

१

साहित्याच्या अभ्यासकाने जाहिरात, चित्रपट, भित्तिपत्रक यांसारख्या साहित्यबाह्य वस्तूंकडे वळावे की नाही, हा वाद मराठीत आता संपल्यात जमा आहे. वळावे, असे त्याचे उत्तर निघाले आणि ते योग्यच होते. वळण्याच्या रीतीचा वाद मात्र शिल्लक आहे, आणि तो अद्याप नीट सुरूही झालेला नाही. या वस्तूंकडे आपण गेलो ते वाङ्मयसमीक्षेची सारी हत्यारे परजून. पण ज्या इंद्रियाने त्या प्रथम ग्रहण करायच्या ते इंद्रिय आपण घरीच ठेवले. एखाद्या वस्तूला ‘संहिता’ म्हटले की ती वाचण्याचा परवाना मिळतो, अशी आपली समजूत झाली आहे. ती आधी पाहावी लागते, याचा आपल्याला विसर पडला आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेला मी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रबंधाचा विषय चित्रपटांची भित्तिपत्रके हा होता आणि त्यातले एक संपूर्ण प्रकरण आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटाच्या पोस्टरला वाहिलेले होते. तांबडा रंग म्हणजे धोका आणि वासना, वेटोळे म्हणजे अबोध मन, स्त्री म्हणजे पुरुषी दृष्टीचे लक्ष्य, अशी समीकरणे पानोपानी मांडलेली होती आणि प्रत्येक समीकरणाला एकेका पाश्चात्त्य नावाचा आधार दिलेला होता. मी एक साधा प्रश्न विचारला : या पोस्टरवर एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन आकृती आहेत, त्यांपैकी भरीव कोणती आणि पोकळ कोणती? उमेदवाराला उत्तर देता आले नाही. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आम्हां तिघांपैकीही एकाने प्रबंध उघडून पाहिल्यानंतरच खात्रीने सांगितले. प्रबंधात पोस्टरची जी प्रत डकवली होती ती झेरॉक्स होती. ज्या रंगावर सहा पाने खर्ची पडली होती तो रंग तिथे राखाडी झालेला होता. दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हता. आम्ही जे शिकवले तेच त्याने निष्ठेने केले होते.

हा प्रसंग सांगितला तो कुणाची चेष्टा करण्यासाठी नव्हे. ज्या समीक्षापद्धतीत वस्तू समोर नसतानाही तिचे वाचन निर्वेधपणे होऊ शकते, ती पद्धत त्या वस्तूविषयी काही सांगते आहे की स्वतःविषयीच, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. भित्तिपत्रकाचा अर्थ त्याच्या रूपबंधातून जातो. रूपबंध ओलांडून थेट संकेताकडे उडी मारणारी चिन्हमीमांसा ही मीमांसाच नव्हे, असे प्रतिपादन मला करावयाचे आहे. त्यासाठी त्याच पोस्टरकडे पुन्हा जावे लागेल.

२

‘व्हर्टिगो’चे हे पोस्टर सॉल बास (१९२०–१९९६) या अमेरिकन आरेखनकाराच्या नावावर आहे. चित्रपटाची शीर्षकमालिकाही त्याचीच. त्याआधी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) या चित्रपटासाठी त्याने वेड्यावाकड्या हाताचे एकच बोधचिन्ह केले होते आणि पोस्टरपासून शीर्षकांपर्यंत सर्वत्र तेच वापरले होते. नटनटीचे चेहरे मोठे करून छापणे हा हॉलिवूडमधील पोस्टरांचा रूढ मार्ग होता. तो सोडून एका आकारावर सारा भार टाकण्याची रीत बासने रुळवली. ‘व्हर्टिगो’तील नटी किम नोव्हाक ही त्या काळातील मोठी तारका, आणि जेम्स स्ट्युअर्ट तर त्याहून जुना व लोकप्रिय नट. या पोस्टरवर दोघांचीही नावे आहेत, चेहरे नाहीत.

आता पृष्ठ पाहावे. अमेरिकेतील रूढ आकाराचा, सत्तावीस इंच रुंद आणि एक्केचाळीस इंच उंच असा उभा कागद. सबंध कागदभर नारिंगीकडे झुकणारा एकच तांबडा रंग, सपाट, छटांवाचून. त्यावर पांढऱ्या बारीक रेषेचे एक मोठे वेटोळे : लंबवर्तुळासारखे वळसे एकमेकांवरून जात, थोडेथोडे फिरत गेलेले, रेषा कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे डोळ्याला सांगता येत नाही. त्या जाळ्याच्या गाभ्यापाशी दोन माणसे. पुरुष हातपाय फाकलेला, कललेला, काळ्या रंगाने भरलेला. स्त्री केवळ बाह्यरेषेने काढलेली, आतून रिकामी. आणि अक्षरे : जाडीत व उंचीत असमान, ओळीत नीट न बसणारी, जणू कात्रीने कागद कापून चिकटवलेली. छायाभेद नाही, यथादर्शन नाही, पार्श्वभूमीवर एकही वस्तू नाही.

एवढे पाहिल्यावर पहिली नोंद करायची ती अभावाची. उंचीच्या भीतीने ग्रासलेल्या नायकाच्या चित्रपटाचे हे पोस्टर आहे. आणि यात उंची नाही. चित्रपटात छपरे आहेत, सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा पूल आहे, मिशनचा घंटामनोरा आणि त्याचा जिना आहे. कुठल्याही सामान्य आरेखनकाराने मनोरा काढला असता आणि त्यावरून पडणारा माणूस काढला असता. बासने उंची दाखवणारी प्रत्येक गोष्ट वगळली. खाली जमीन नसेल तर पडणेही नसते. म्हणून तो काळा पुरुष पडतो आहे, उभा आहे, की फिरतो आहे, याचा निर्णय होत नाही. चित्रपटाच्या कथेत भीती उंचीची आहे, परंतु शीर्षकातला शब्द भोवळीचा आहे. पोस्टरने कथेला बाजूला ठेवून शब्दाची बाजू घेतली आहे. भोवळीत खोलीचे भान सुटते आणि सगळे एकाच पातळीवर येऊन फिरू लागते. सपाट रंग आणि यथादर्शनाचा अभाव ही इथे शैलीची हौस राहत नाही. तोच आशय होतो.

दुसरी नोंद रेषेची. ही वळसेदार आकृती कुंचल्याने काढलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ जूल लिसाजू याने कंपनांच्या अभ्यासासाठी ज्या वक्ररेषा सिद्ध केल्या, त्या जातीची ही रेषा आहे. शीर्षकमालिकेत अशा आकृती फिरत्या स्वरूपात आणण्यासाठी जॉन व्हिटनी या प्रयोगशील चित्रपटकाराने यांत्रिक साधनांचे साहाय्य घेतले होते. हा इतिहास ठाऊक नसला तरी बिघडत नाही. रेषेची जात डोळ्याला दिसते. तिची जाडी सर्वत्र सारखी आहे, तिला कंप नाही, ती थकत नाही. उलट अक्षरे आणि आकृती या कापलेल्या, ओबडधोबड, हाताच्या आहेत. भोवळ माणसाला येते, यंत्राला येत नाही. पोस्टरवर थरथरणारे जे जे आहे ते मानवी आहे आणि त्यांना फिरवणारी रेषा निर्विकार आहे. या चित्राची अस्वस्थता या विरोधातून येते. वेटोळे हे अमुक गोष्टीचे ‘प्रतीक’ असल्यामुळे येत नाही.

३

आता आपल्या संकेतवाचकांची तीन समीकरणे एकेक करून तपासू.

तांबडा रंग म्हणजे धोका. प्रथम हा रंग निखळ तांबडा नाही. मराठी माणूस त्याला शेंदराच्या जवळचा म्हणेल. शेंदूर म्हटले की आपल्या मनात मारुती येतो, गणपती येतो, गावाच्या वेशीवरचा दगडी देव येतो. मग संकेतकोश उघडून ‘शेंदरी म्हणजे पावित्र्य’ असे वाचन कुणी केले तर त्याला कोणत्या आधारावर अडवणार? संस्कृती वेगळी, असे उत्तर दिले जाईल. परंतु अमेरिकन संस्कृतीतही तोच रंग संत्र्याचा आहे, शरद ऋतूतील पानांचा आहे. रंगाला एकट्याने अर्थ नसतो. इतर रंगांच्या संगतीत त्याला कार्य मिळते. हा रंग उजेड-अंधाराच्या मापनात मध्यावर येतो. त्यावर काळा माणूसही ठसठशीत दिसतो आणि पांढरी रेषाही. पांढऱ्या कागदावर रेषा नाहीशी झाली असती, काळ्या कागदावर माणूस. दोघांना एकाच वेळी, समान जोराने दिसू देणारी भूमी म्हणून हा रंग इथे आहे. त्याच्या दाहकतेचा जो अनुभव येतो तो या कामगिरीच्या जोडीने येतो. ही गोष्ट कोणत्याही कोशात सापडणार नाही, कागदावर सापडते.

वेटोळे म्हणजे अबोध मन. याविषयी एवढेच म्हणता येईल की अबोध मन ज्याला कुठेही शोधता येते त्याला ते कुठेच सापडत नाही. भोवरा, विवर, गर्भ, चक्रव्यूह, कुंडलिनी यांपैकी कोणताही शब्द त्या जागी घालावा. वाक्य तितकेच भारदस्त वाटते. ज्या विधानात पदे बदलूनही काही बिघडत नाही, ते विधान वस्तूविषयी नसते.

स्त्री म्हणजे पुरुषी दृष्टीचे लक्ष्य. हे समीकरण अधिक गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या प्रसिद्ध निबंधाने कथात्म चित्रपटातील पाहण्याच्या सुखाची जी चिकित्सा केली, तिच्यात हिचकॉकच्या चित्रपटांचा आणि ‘व्हर्टिगो’चा विचार आहे. ती चिकित्सा चित्रपटाला लागू पडते, असे मलाही वाटते. नायक ज्या रीतीने एका स्त्रीचा पाठलाग करतो आणि नंतर दुसरीला पहिलीच्या साच्यात बसवतो, ते पाहता अन्यथा म्हणणे कठीण आहे. परंतु आपल्याकडे ती चिकित्सा चित्रपटावरून उचलून पोस्टरवर जशीच्या तशी ठेवण्यात आली. त्या पोस्टरवर तर स्त्रीकडे पाहण्यासारखे काहीच ठेवलेले नाही! चेहरा नाही, केस नाहीत, कांती नाही. एका तारकेला तिच्याच चित्रपटाच्या जाहिरातीत रिकाम्या बाह्यरेषेवर आणून ठेवले आहे. जिथे पाहण्याचे सुख नाकारले आहे, तिथे आपला समीक्षक ते सुख असल्याचे गृहीत धरून त्याचा निषेध करतो.

आणि विपर्यास असा की, नीट पाहिले असते तर स्त्रीवादी वाचनाला अधिक बळकट आधार मिळाला असता. पुरुष भरीव, स्त्री पोकळ. ज्या स्त्रीच्या प्रेमात नायक पडतो ती मॅडलीन मुळात एक रचलेले सोंग असते. दुसऱ्याच एका स्त्रीने, एका पुरुषाच्या सांगण्यावरून, वठवलेले. पुरुषाने आखलेली रेषा आणि आत कुणीच नाही, ही त्या चित्रपटातील स्त्रीच्या वाट्याला आलेली शोकांतिका आरेखनकाराने भरणे आणि न भरणे एवढ्याच साधनांनी मांडली आहे. हा अर्थ सिद्धांतातून खाली उतरलेला नाही, तो आकृतीतून वर आलेला आहे. माझा विरोध सिद्धांताला आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे : रूपबंध पाहिल्याने राजकीय वाचन दुबळे होत नाही, ते खरे ठरण्याची शक्यता निर्माण होते.

इथे आणखी एका चुकीची नोंद केली पाहिजे, कारण ती जवळजवळ सार्वत्रिक आहे. भित्तिपत्रक चित्रपटाच्या आधी येते. १९५८ साली रस्त्याने जाणाऱ्या माणसाला मॅडलीन कोण हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने ती पोकळ आकृती एक कोडे होती : हा माणूस काळाकुट्ट आणि ही बाई रिकामी, असे का? चित्रपट पाहून बाहेर पडताना त्याच पोस्टरवर नजर गेली तर कोड्याचे उत्तर झालेले असते. एकच रूप दोन काळांत दोन कामे करते. आपण मात्र पोस्टर वाचतो ते चित्रपटाचा सारांश म्हणून, आणि तोही त्याची नंतरची कीर्ती मनात धरून. प्रदर्शनाच्या वेळी फारसे यश न मिळालेला हा चित्रपट ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०१२ च्या समीक्षक-मतचाचणीत पहिल्या स्थानी आला आणि २०२२ मध्ये दुसऱ्या स्थानी राहिला. ही सारी कीर्ती आपण नकळत १९५८ च्या कागदावर चिकटवतो आणि मग ती तिथे सापडली म्हणून आनंदतो.

४

या टीकेला एक उत्तर अपेक्षित आहे : हा तर जुनाच रूपवाद झाला. ‘भरीव-पोकळ’, ‘सपाट भूमी’ ही भाषा ऐकताच मर्ढेकरांचे नाव घेतले जाईल, आणि ते घेतले जावे अशीच माझी इच्छा आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांच्या आधारे संवेदनांच्या संघटनेचा विचार केला. साहित्याच्या बाबतीत तो विचार अडखळला, कारण शब्दाला अर्थ चिकटलेला असतो आणि त्याची संवेदना वेगळी काढता येत नाही. त्यावरील आक्षेपांची उजळणी इथे नको. परंतु दृश्य वस्तूसाठी ती भाषा आपल्याजवळ, मराठीत, तयार होती. यांत्रिक रेषा आणि हाताने कापलेली अक्षरे यांच्यातील नाते सांगायला ‘विरोधलय’ हा शब्द पुरेसा आहे; काळ्या वस्तुमानाला पांढऱ्या रेषांच्या विस्ताराने दिलेला तोल सांगायला ‘समतोल’ आहे. ‘चिन्हक’ आणि ‘चिन्हित’ शिकताना आपण हे शब्द टाकून दिले, आणि टाकून दिल्याचे दुःखही कुणाला झाले नाही. ज्यांच्याविषयी वाद घालता घालता मराठी समीक्षेची एक पिढी घडली, ते शब्द आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला परीक्षेतील टिपेपुरते ठाऊक असतात.

तरीही मी मर्ढेकरांच्या पक्षात जाऊन बसणार नाही. शुद्ध रूपवादी या पोस्टरपाशी दुसऱ्या बाजूने चुकतो. तिकिटे विकणे हे त्याचे लौकिक प्रयोजन सौंदर्याच्या विचारातून तो वगळू पाहील. परंतु प्रयोजन वगळले की हे रूप असे का झाले हे कळेनासे होते. रस्त्याच्या पलीकडून, चालत्या माणसाच्या नजरेत, क्षणभरात ते पोचले पाहिजे. म्हणून आकार मोजके आणि रंग सपाट. तेच चिन्ह वर्तमानपत्रातील बोटभर उंचीच्या काळ्यापांढऱ्या जाहिरातीतही टिकले पाहिजे. म्हणून रंग काढून घेतला तरी भरीव-पोकळ हा भेद उरतो. त्या प्रबंधातील राखाडी झेरॉक्समध्येही तो भेद शाबूत होता, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे; उपयुक्ततेने ज्या रूपाला वाचवले तेच रूप आमच्या नजरेतून मात्र निसटले. बाजाराने घातलेल्या अटी या रूपाला बाहेरून आलेला कलंक नाहीत, त्या त्याच्या घडणीची कारणे आहेत.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये सौंदर्यविचाराच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली. भित्तिपत्रक ही त्या मांडणीची कसोटी पाहणारी वस्तू आहे, कारण ते दोन्ही ध्रुवांना एकाच वेळी स्पर्श करते. आपले चिन्हमीमांसक त्याला लौकिक ध्रुवाकडे ओढून विचारप्रणालीत विरघळवतात. आपले उरलेसुरले रूपवादी त्याला हातच लावत नाहीत. परिणाम दोन्हींचा एकच : कागद तसाच न पाहिलेला राहतो.

५

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दृश्याचीही भाषाच असते, आणि ती वाचावीच लागते. बासचा गुरूही हेच म्हणत होता, असे कुणी म्हणेल. खरे आहे. बास ब्रुकलिन कॉलेजात ज्यांच्याकडे शिकला त्या ज्यॉर्ज केपेश यांच्या १९४४ च्या ग्रंथाच्या नावातच ‘दृष्टीची भाषा’ आहे. पण त्या ग्रंथात भाषा म्हणजे शब्दकोश नाही. रेषा, क्षेत्र, रंग यांचे परस्परांवर पडणारे ताण डोळा कसे संघटित करतो, याला केपेश भाषा म्हणतात. तिथे वाक्यरचना आहे, शब्दार्थांची यादी नाही. आपण नेमके उलट केले : वाक्यरचना सोडली आणि यादी घेतली.

रोलाँ बार्थचेही तेच झाले. इटालियन खाद्यपदार्थांच्या जाहिरातीचे त्याने १९६४ मध्ये केलेले विश्लेषण आपल्याकडे पाठ्यक्रमातून शिकवले जाते. पण त्या निबंधात छायाचित्र आणि रेखाटन यांत त्याने केलेला भेद मात्र शिकवला जात नाही. छायाचित्रातील टोमॅटो हा आधी टोमॅटो असतो; रेखाटनात काय घ्यायचे, काय सोडायचे याची निवड आधीच झालेली असते, आणि ती निवडच अर्थ घडवू लागते. ‘व्हर्टिगो’चे पोस्टर रेखाटन आहे. म्हणजे बार्थच्याच मताने इथे शैलीचा विचार टाळता येत नाही. आपल्या संकेतवाचकांनी बार्थचे निष्कर्ष घेतले, त्याची सावधगिरी घेतली नाही. आणि बार्थपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. व्यंग्यार्थापर्यंत जाण्याचा मार्ग वाच्यार्थातूनच जातो, हे आनंदवर्धन मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला कुणी नव्याने सांगावे लागू नये. अभिधा चुकवून व्यंजनेला पोचल्याचा दावा करणाऱ्याला आपल्या जुन्या शास्त्र्यांनी वर्गाबाहेर उभे केले असते.

हा सारा वाद परक्या देशातील एका कागदावरून का घालायचा, असे विचारले जाईल. पोस्टर परके आहे, पण त्याच्याकडे पाहताना उघडी पडलेली सवय आपली आहे. हीच सवय घेऊन आपण घरच्या भित्तिपत्रकांकडेही जातो, आणि तिथे तिची किंमत अधिक मोजावी लागते. महाराष्ट्रात या कलेचा आरंभच चित्रकाराच्या हातून झाला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रकार होते, त्यांनी चित्रपट काढले आणि त्यांची भित्तिपत्रकेही केली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) चे चित्रमय भित्तिपत्रक हे भारतातील उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी म्हणून ओळखले जाते. त्यानंतरच्या अनेक दशकांत हाताने रंगवलेल्या पोस्टरांची प्रचंड निर्मिती मुंबईत झाली. त्या पोस्टरांविषयी आपण जे लिहिले त्यात राष्ट्र आहे, माता आहे, पौरुष आहे, बाजार आहे. ब्रश नाही, दगडी छापा नाही, रंगांच्या थरांचा क्रम नाही आणि बहुधा रंगवणाऱ्याचे नावही नाही. संकेत सर्वांचे असतात, म्हणून संकेत वाचणाऱ्याला कर्त्याची गरज भासत नाही. रूप कुणीतरी घडवलेले असते. रूप पाहू लागले की घडवणारा शोधावाच लागतो.

एकच उदाहरण देतो, कारण ते थेट आपल्या लिपीचे आहे. बासची अक्षरे वरखाली उड्या मारू शकतात, कारण रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे आहे. देवनागरीत शब्दाच्या डोक्यावरून शिरोरेषा जाते आणि सगळ्या अक्षरांना एका दांडीला टांगते. शब्दाला भोवळ आणायची तर देवनागरीच्या आरेखनकाराला शिरोरेषा तोडावी लागेल, वाकवावी लागेल, किंवा ती ताठ ठेवून खालची अक्षरे हलवावी लागतील. यांपैकी प्रत्येक उपायाचा परिणाम वेगळा आहे. चित्रपटांच्या नावांची देवनागरी अक्षरे रंगवणाऱ्यांनी हे प्रश्न रोज सोडवले. कुठे शिरोरेषा पट्टीसारखी जाड झाली, कुठे ती गळून पडली. हा अक्षररचनेचा इतिहास आहे आणि तो मराठीच्या अभ्यासकाइतका जवळून दुसरा कोण पाहू शकेल? पण पाश्चात्त्य संकेतसूचीत शिरोरेषेला जागा नाही, म्हणून आपल्या प्रबंधांतही नाही. देशीपणाचा इतका उच्चरवाने घोष करून झाल्यावरही आपल्या लिपीची रेषा आपल्याला दिसत नसेल, तर दोष सिद्धांताचा की डोळ्याचा, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

माझी मागणी लहान आहे. भित्तिपत्रकावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले प्रकरण वर्णनाचे लिहायला लावावे : आकार केवढा, भूमी कोणती, भरीव काय, पोकळ काय, रेषा हाताची की यंत्राची, अक्षरे कशी, आणि काय काढलेलेच नाही. हे वर्णन मूळ कागदासमोर किंवा त्याच्या विश्वासार्ह रंगीत प्रतीसमोर बसून लिहिलेले असावे. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. संस्थेची पाटी बदलली तरी अशा संग्रहांतील कागद आहेत, आणि मराठी विभागातून तिथवर जाणारा रस्ता फार लांबचा नाही. त्या प्रकरणानंतर मल्व्ही यावी, बार्थ यावा, ज्याला जो हवा तो यावा. वर्णनाने ज्याला आधार दिला तो सिद्धांत टिकेल. ज्याला दिला नाही तो गळून पडेल, आणि त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

त्या मौखिक परीक्षेत आम्ही प्रबंध मान्य केला. नियमाप्रमाणे तो मान्य होण्याजोगा होता. संदर्भ बिनचूक होते, परिभाषा निर्दोष होती. आम्हां तिघांच्या सह्या त्या अहवालावर आहेत. म्हणून या लेखातील टीका मी स्वतःला वगळून केलेली नाही.